वाटाण्यांचा आठवडा

मास्तरीण कुठल्याही शाळेत शिकवत नव्हती. शाळेशी तिचा संबंध एवढाच, की आसपासची निम्मी पोरं तिने कापलेल्या चड्ड्या घालून शाळेत जायची. गणवेश शिवणाऱ्या दुकानात ती कटिंगला होती. कापड कापणाऱ्याला सगळे मास्तर म्हणतात, म्हणून ही मास्तरीण. नाव इतकं चिकटलं की नवीन राहायला आलेले लोक पोरांना पुस्तकासकट तिच्या दारात आणून उभे करायचे, आणि ती ओशाळून म्हणायची, "गणित नाही हो येत मला. चड्डी उसवली असेल तर द्या."

दुकानाचे म्हातारे मालक कडक होते. पहिल्याच दिवशी त्यांनी तिच्या हातात कात्री दिली आणि एकच नियम सांगितला: बोलल्याशिवाय कापायचं नाही. आधी माप तोंडाने मोठ्याने म्हणायचं, मग कात्री लावायची. "चूक असली तर ती कानाला आधी कळते," ते म्हणायचे, "कापडाला कळते तेव्हा उशीर झालेला असतो." त्यामुळे दुकानात शिरणाऱ्या माणसाला आधी मास्तरीण दिसायचीच नाही, ऐकू यायची. "लांबी अठरा, शिवणीला दोन, खाली दुमडायला तीन, आणि हे घे, उडालं!"

ही सवय तिच्याबरोबर घरी आली आणि घरातच राहिली. कांदा चिरताना ती "अर्धा आज, अर्धा उद्या" म्हणायची. धाकटीचे केस कापताना "कानापर्यंत, कानापर्यंत, बास" म्हणायची, आणि तरीही केस कानाच्या वर जायचे. घरच्यांना हे बोलणं फ्रीजच्या घुरघुरीसारखं झालं होतं. चालू असतं, कोणी ऐकत नाही. निदान मास्तरणीची तशी समजूत होती.

तिचा नवरा सोफ्याच्या दुकानाचा टेम्पो चालवायचा. त्या दुकानासमोरचा रस्ता खणून ठेवला, आणि नुसतं एक कपाट बघायलासुद्धा कोणी त्या खड्ड्यांतून उड्या मारत येईना. सोफे हलेनात, मग टेम्पो कशाला हलेल? मालकाने सांगितलं, आठवड्यातून तीनच दिवस ये. पगारही तीनच दिवसांचा. मास्तरणीने वाणसामानावरचा हात आखडता घेतला. साखर निम्मी केली, तेल मोजून वापरायला लागली, आणि वाण्याकडून वाळलेल्या वाटाण्यांची एक मोठी पिशवी आणली. एरवी काउंटरवरून न हलणारा तो माणूस ती पिशवी स्वतः दारापर्यंत आणून द्यायला आला, यावरून तिथे ती किती दिवस पडून असेल हे ओळखावं.

एवढ्यात नणंदेचा फोन आला.

"अगं, पुढच्या रविवारी येतेय मी. आईला घेऊनच जाईन म्हणते."

"का हो ताई? बऱ्या आहेत की इथे."

"बरी आहे गं. पण बाळ्याचं काम हे असं निम्म्यावर आलेलं. तुमचीच ओढाताण, त्यात आणखी आईचं कशाला? आणि मागच्या वेळी आले होते तेव्हा किती वाळलेली दिसली मला!"

"वाळल्या नव्हत्या हो. तो स्वेटर सैल झाला होता."

"स्वेटर कशाने सैल होतो गं?"

कापडाबद्दल सगळं ठाऊक असलेल्या मास्तरणीने दूध उतू जातंय असं सांगून घाईघाईने फोन ठेवला.

खरं तर सासूला लेक आपणहून नेतेय म्हटल्यावर एखादी सून मनातल्या मनात नाचली असती. या दोघींचं काही गोडगुलाबी नातं नव्हतं. लग्न झाल्यापासून रोज दोन्ही वेळच्या जेवणात मिठावरून वाद व्हायचा आणि तो एकदाही मिटला नव्हता. पण नणंदेच्या घरी लिफ्ट होती, गरम पाणी होतं, भिंतीएवढा टीव्ही होता आणि सकाळपासून संध्याकाळपर्यंत माणूस मात्र नव्हतं. सासूबाई तिथे खुर्चीत बसून दाराकडे बघत राहतील, हे मास्तरणीला डोळ्यांसमोर स्पष्ट दिसत होतं. आणि इकडे धाकटी शाळेतून येऊन दप्तर फेकत "आजी!" म्हणून ओरडेल, तेव्हा ओ कोण देणार? रात्री जेवताना भांडायचं कोणाशी? नवऱ्याशी? त्या माणसाला तर मिठातलं काही कळतच नव्हतं.

तेव्हा तिने ठरवलं: रविवारी टेबल असं भरलेलं दिसलं पाहिजे, की जेवणाखेरीज दुसऱ्या कशासाठी नणंदेला तोंडच उघडता येऊ नये. मधोमध अख्खी कोंबडी. या घरात आईची आबाळ होते असं कोंबडीसमोर बसून कोण म्हणू शकेल? आता कोंबडी आणायची तर ती आठवड्याच्या वाणसामानातूनच काढायला हवी होती. दुसरं कुठून येणार?

कमी कापडात जास्त कपडे बसवायचे असले की ती सगळे कागदी नमुने आधी कापडावर मांडून बघायची. बाहीच्या खळग्यात कॉलर, कॉलरच्या बाजूला खिसा. तशीच तिने आठवडाभर आधीच्या रविवारी दुपारी सगळी शिधासामग्री जेवणाच्या टेबलावर ओतली आणि तिचे दिवसागणिक ढीग घातले. या ढिगातला बटाटा त्या ढिगात, कोबीचे तीन तुकडे तीन दिवसांना, अंडी गुरुवारी, मसूर शुक्रवारी. आणि सवयीप्रमाणे खणखणीत आवाजात:

"सोमवारी वाटाणे, भातावर. उरतील ते मंगळवारी बटाट्यात कुस्करून तव्यावर. बुधवारी कोबी… नाही, अजून बसत नाही. कोंबडी बाहेरच राहतेय." तिने दोन बटाटे इकडचे तिकडे केले. "कुठून काढू? प्रत्येकाने रोज दोन घास जरी कमी खाल्ले ना, तर येतेय बघ कोंबडी!"

हे ती कोणाला म्हणाली नव्हती, कापडाला म्हणावं तसं टेबलाला म्हणाली होती. पण घर दोन खोल्यांचं. तिला जे कळायला शनिवार उजाडावा लागला ते इथेच सांगून टाकलेलं बरं: ते वाक्य सगळ्यांनी ऐकलं. नवरा तोंडावर पेपर घेऊन पडला होता, पण झोपला नव्हता. थोरलीच्या कानात ते गाण्याचं यंत्र होतं, पण त्याचं चार्जिंग संपलेलं होतं. सासूबाई खिडकीशी बसून खालच्या रस्त्यावर कोण कोणाशी बोलतं ते बघत होत्या, म्हणजे त्यांचे कान मोकळेच होते. आणि धाकटी टेबलाखालीच होती. प्रत्येकाला वाटलं की हे आपल्या एकट्याच्याच कानावर पडलंय. आणि प्रत्येकाने मनाशी ठरवलं की आता आपल्यालाच काहीतरी केलं पाहिजे, पण बोलून दाखवायचं नाही. घर गुणी होतं, तेच काय ते नडलं.

सोमवारी वाटाणे शिजले. वाळलेला वाटाणा भिजला की किती फुगतो हे मास्तरणीने धरलं होतं, पण हा वाटाणा बरीच वर्षं तहानलेला असावा. पातेलं काठोकाठ भरलं. नवरा हात धुऊन टेबलाशी आला आणि म्हणाला, "मला थोडंच वाढ. आज मालकाने खाऊ घातलं."

"मालकाने?" मास्तरणीचा डाव हवेतच राहिला. दुकानात नवीन सोफा आला की त्याच्यावरचं प्लास्टिकसुद्धा जपून ठेवणारा माणूस तो. "कोणत्या आनंदात?"

"असंच."

थोरली कॉलेजात पहिल्या वर्षाला होती. ती म्हणाली, "आई, मी भात बंद केलाय. आमच्यात सगळ्यांनीच केलाय."

"मग नुसते वाटाणे खा."

"वाटाण्यांतपण तेच असतं."

सासूबाई म्हणाल्या, "भूक नाही गं फारशी." आणि धाकटी? ती तिसरीत होती, आणि तिने आईचं म्हणणं अक्षरशः घेतलं होतं. आईची पाठ वळली की ती मोजून दोन घास आपल्या ताटातून उचलायची आणि परत पातेल्यात टाकायची. म्हणजे जेवण संपायच्या वेळी पातेल्यात जे होतं, ते सुरुवातीपेक्षा फार कमी नव्हतं.

मास्तरीण पातेल्याकडे बघत राहिली. "माप चुकलं," ती मोठ्याने म्हणाली. सगळे आपापली ताटं उचलायला लागले.

तिच्या घरात अन्न टाकायची रीत नव्हती. उरलंय ते आधी संपवायचं, मग पुढचं. मंगळवारी वाटाणे बटाट्यात कुस्करून त्यांचे चपटे गोळे झाले. निम्मे उरले. बुधवारी त्यांतले बरेचसे गोळे मोडून त्यांत पाणी घालून सूप केलं. सूप, कोणास ठाऊक कसं, गोळ्यांपेक्षा जास्त झालं. कोबीच्या ढिगाची पाळी आली आणि गेली. मसूर जागचा हलला नाही. अंडी पाहुण्यांसारखी नुसती बसून राहिली. फ्रीजमध्ये एकावर एक डबे चढत गेले, आणि कुठलाही उघडावा तर आतून हिरवट-पिवळे वाटाणे डोळे वटारून बघायचे. आधी प्रेमापोटी कमी खाणारी माणसं आता मनापासून कमी खायला लागली होती.

"आज काय आहे गं?" नवऱ्याने दारातूनच विचारलं.

"सूप."

"कशाचं?"

मास्तरणीने फ्रीजचं दार उघडून दाखवलं. तो मुकाट्याने चपला काढायला लागला.

खर्च वाचत होता हे तिच्या ध्यानातही आलं नाही, कारण तिचा जीव दुसरीकडेच टांगला होता. सासूबाई खात नव्हत्या. बाकीच्यांचं सोडा, नवरा बाहेर खातो म्हणतो, थोरलीचं ते भाताचं फॅड, धाकटी तर कधीच धड जेवत नाही. पण सासूबाई ताटात चमचा इकडून तिकडे फिरवायच्या आणि उठायच्या. मास्तरणीला वाटलं, यांनी जायचं ठरवलंय. मन इथून उठलं की माणसाचं अन्नावरचं मनही उठतं. की आजारी आहेत? रविवारी नणंद आली आणि स्वेटर आणखी सैल दिसला तर? तिच्या स्वतःच्या घशाखालीसुद्धा घास उतरेना, आणि अशा रीतीने पातेल्यात आणखी एका माणसाचं जेवण शिल्लक राहायला लागलं.

शेवटी तिने विचारलं, "आई, मीठ कमी पडलं का?"

सासूबाई म्हणाल्या, "नाही. बरोबर आहे."

इतक्या वर्षांत सासूबाईंनी मीठ बरोबर असल्याचं एकदाही म्हटलं नव्हतं. आता मात्र तिची खात्रीच पटली की काहीतरी भयंकर घडतंय.

गुरुवारी दुकानात तिने कापडाचे दोन थर समोरासमोर न घालता दोन्ही सुलटेच ठेवले, तोंडाने माप अगदी बरोबर म्हटलं आणि दोन्ही बाह्या डाव्या कापल्या. म्हाताऱ्या मालकांनी त्या बाह्या उजेडाकडे धरून उलटसुलट केल्या. "याला गिऱ्हाईक शोधावं लागेल," ते म्हणाले. "घरी काही बिनसलंय का?"

"सगळ्यांची भूकच मेलीय हो."

"भूक मेलीय? या महागाईत?" म्हातारा थक्क झाला. "कशाने मेली ते मला सांग. माझ्या घरी सून आहे, मुलगा आहे, चार नातवंडं आहेत."

शुक्रवारी संध्याकाळी ती घरी परतत होती, तर जिन्याखाली इस्त्रीचं टेबल लावणाऱ्या बाईने तिला हाक मारली. ही बाई शर्टाची कॉलर इस्त्री करता करता चार मजल्यांची खबर ठेवायची.

"मास्तरीणबाई, रागावणार नसाल तर एक विचारू?"

"विचारा की."

"आजींना तुम्ही घरी जेवायला देत नाही का?"

मास्तरणीने पिशवी पायरीवर टेकवली. "कोण म्हणतं असं?"

"कोणी म्हणायला कशाला पाहिजे? रोज दुपारी खाली येतात. चहात बुडवून टोस्ट खातात. एक नाही, दोन नाही, अर्धा पुडा. काल तर माझ्या डब्यातलं अंडं खाल्लं. खाऊ दे बाई, मला काय, म्हातारं माणूस आहे. पण मला म्हणाल्या, वर सांगू नकोस." बाईने इस्त्री शर्टावर टेकवली आणि समजूतदार आवाजात पुढे म्हणाली, "दिवस वाईट आहेत, मला कळतं. पण म्हाताऱ्या माणसाला तेवढं आधी द्यावं."

मास्तरीण जिना चढायला लागली. म्हणजे भूक मेलेली नाही. भूक चांगली जिवंत आहे आणि रोज दुपारी तीन जिने उतरून खाली जाते. मग माझ्याच हातचं का नको? आणि ही इस्त्रीवाली रविवारी नणंदेला जिन्यातच गाठणार! तिला सासूबाईंना समोर बसवून विचारायचं होतं. पण त्या दारातच दिसल्या, बारीक चेहऱ्याच्या, आणि हिच्या तोंडातून निघालं ते एवढंच: "आई, टोस्ट आणू का तुम्हाला?"

"मला नाही आवडत टोस्ट," सासूबाई म्हणाल्या आणि आत गेल्या.

शनिवारी दुकान लवकर बंद व्हायचं. कोंबडी उद्या सकाळी ताजी आणायची असं ठरवून मास्तरीण घरी आली, तर दारात नणंदेच्या चपला. रविवारी गाडीला गर्दी असते म्हणून ती एक दिवस आधीच येऊन थडकली होती. सगळेजण स्वयंपाकघरात होते, आणि नणंद उघड्या फ्रीजपुढे कमरेवर हात ठेवून उभी होती.

"ये. ये बाई," ती म्हणाली. "मी जिन्यात पाऊण तास उभी होते. त्या इस्त्रीवालीने मला सगळं सांगितलं."

"ताई, ऐका तरी…"

"मला वाटलं होतं, नसेल काही घरात, काय करतील बिचारे. फ्रीज उघडून बघते तर डबे ठेवायला जागा नाही! हे काय आहे?"

"वाटाणे."

"आणि हे?"

"वाटाणेच. सूप आहे ते."

"आणि या मोठ्या पातेल्यात?" तिने स्वतःच झाकण उचललं, आत बघितलं आणि परत ठेवलं. "एवढं अन्न घरात, आणि माझी आई दुसऱ्याच्या डब्यातलं अंडं खाते? बाळ्या, तू काय करत होतास?"

बाळ्या, म्हणजे डोक्यावरचे निम्मे केस पांढरे झालेला टेम्पोवाला, भिंतीला चिकटला. "मी… मी घरी फारसा जेवतच नव्हतो, ताई."

"का?"

"ते… मालक…"

"मालकाने कोणालाच काही दिलेलं नाही," थोरली फटकन म्हणाली. "बाबा कोपऱ्यावर उभे राहून केळी खातात. मी कॉलेजातून येताना रोज बघते."

"आणि तू कोणाच्या डब्यातलं खातेस ते सांगू का?" नवरा उसळून म्हणाला. "भात बंद केला म्हणे! तुझ्या मैत्रिणीची आई परवा मला विचारत होती, तुमच्या मुलीला आमच्याकडचा भात फार आवडतो वाटतं?"

"म्हणजे तुम्ही दोघंही?" मास्तरणीचा आवाज चढला. "माझ्या हाताला काय झालंय ते तरी एकदा सांगा मला! मी इकडे मापं घेऊन घेऊन वेडी व्हायला आले आणि तुम्ही केळी खाताय? केळ्यांना पैसे पडत नाहीत?"

"अगं, कोंबडीसाठी!" नवरा कळवळून म्हणाला.

"मीपण कोंबडीसाठी," थोरली म्हणाली.

"मी तर रोज मोजून दोन घास परत टाकत होते," धाकटी टेबलाखालून डोकं काढून म्हणाली. "आई, तूच म्हणाली होतीस ना? दोन घास कमी खाल्ले तर कोंबडी येते. मी तर कधीकधी तीन टाकले."

मास्तरणीने एकेकाकडे बघितलं. हा माणूस, ही पोरगी, ती पोरगी. तिला हसू यायला लागलं आणि त्याच वेळी रडूही, आणि त्यातलं कुठलं आधी बाहेर पडेल हे तिचं तिलाही कळेना.

"कसली कोंबडी?" नणंद म्हणाली. "कशाला कोंबडी?"

"तुमच्यासाठी," मास्तरीण म्हणाली. "म्हणजे आईंसाठी. म्हणजे तुम्ही कोंबडी बघाल आणि आईंना नेणार नाही, असं."

नणंदेने इतकं सरळ उत्तर अपेक्षिलं नव्हतं. ती खुर्ची ओढून बसली. मग सगळ्यांचं लक्ष सासूबाईंकडे गेलं. त्या ओट्याला टेकून, हातात पाण्याचा पेला धरून, जणू हे सगळं शेजारच्या घरात चाललंय अशा उभ्या होत्या.

"आणि तू गं आई?" नणंदेने विचारलं. "तुलापण कोंबडी हवी होती?"

"मला कशाला हवी? माझे दात बघितलेस का?" त्यांनी पेला ओट्यावर ठेवला. "तुझा फोन आला तेव्हा मी इथेच होते. घरात ओढाताण आहे हे मला दिसत नाही का? म्हटलं, या पोरींचं खायचं वय, माझं काय आता. कमी खाणारी म्हातारी कोणाला जड होत नाही."

ते त्या अगदी साध्या आवाजात म्हणाल्या, हवापाण्याबद्दल बोलावं तसं. नवरा खिडकीकडे बघायला लागला.

"म्हणूनच म्हणते, चल माझ्याकडे," नणंद म्हणाली, पण आता तिचा आवाज मघासारखा नव्हता. "तिथे तुला कोणाचा घास मोजावा लागणार नाही."

मास्तरणीला खूप काही सांगायचं होतं. की जड वगैरे काही नाही. की तुम्ही खात नव्हता म्हणून माझ्याही घशाखाली उतरत नव्हतं, दुकानात मी दोन्ही बाह्या डाव्या कापल्या. पण असल्या वेळी शब्द नेमके दडी मारतात. तिच्या तोंडातून निघालं ते असं: "आई, तुम्ही गेलात तर मीठ कमी पडलं हे मला सांगणार कोण?"

"कमी नसतं तुझं," सासूबाई तडकल्या. "जास्त असतं! या बुधवारचं सूप म्हणजे नुसता समुद्र होता."

"मग त्या दिवशी बरोबर आहे का म्हणालात?"

"तू रडवेलं तोंड करून विचारलंस म्हणून!"

"आई, तू येतेयस की नाही?" नणंद मध्येच म्हणाली.

"उद्या सांगते. मला आधी जेवायला वाढा कोणीतरी. आठवडाभर उपाशी आहे मी."

त्या दुपारी सगळेच जेवले. वाटाणे गरम केले, सूप तापवलं, उरलेले गोळे पुन्हा तव्यावर टाकले, आणि ढिगातली अंडी फोडून त्यांच्यावर घातली. आठवडाभराची भूक होती. चमच्यांचा नुसता खणखणाट चालला होता. नणंदेने दोनदा वाढून घेतलं, तिसऱ्यांदा डब्यालाच हात घातला आणि म्हणाली, "एकटीसाठी असलं काही करवत नाही बघ. मी पाव खाते रोज. उभ्याउभ्या." कोणी तिला काही विचारलं नव्हतं. सासूबाईंनी आपल्या ताटातला एक गोळा तिच्या ताटात ठेवला.

पण जायचं की राहायचं, हे सासूबाई रात्रीपर्यंत बोलल्या नाहीत. मास्तरीण भांडी घासताना कान टवकारून होती. आत मायलेकी हळू आवाजात बोलत होत्या, आणि या घरात पहिल्यांदाच भिंतीपलीकडचं काही ऐकू येत नव्हतं.

रविवारी सकाळी ती पिशवी घेऊन निघाली. आठवडाभर कोबी, मसूर सगळं जागच्या जागी राहिल्यामुळे पुढच्या आठवड्याचं वाणसामान आणावं लागणार नव्हतं, आणि कोंबडीपुरते पैसे खरोखरच सुटले होते. चप्पल घालते तर मागे सासूबाई.

"मी येतेय."

"आई, तीन जिने आहेत."

"माहितीयत. रोज उतरत होते ना टोस्टसाठी?"

कोंबडीवाल्याच्या दुकानात गर्दी होती. लोखंडी जाळीमागे तो रबरी एप्रन बांधून उभा होता. मास्तरणीने एक बेताची कोंबडी दाखवली. सासूबाईंनी मान हलवली.

"ती काय मांजराला घालायचीय? ती मागची घे."

"आई, ती फार मोठी आहे."

"मोठीच लागेल."

"मावणार नाही हो पातेल्यात."

"पाय कापून मावते. एवढी मास्तरीण तू, तेवढं जमत नाही?"

रांगेतले लोक हसायला लागले. कोंबडीवाल्याने दोन्ही हातांत दोन कोंबड्या धरल्या आणि एकीकडून दुसरीकडे बघितलं. "लवकर ठरवा हो, बायांनो. कोणती?"

सासूबाईंनी मोठीकडे बोट केलं. "ही. घरी लेक आलीय माझी, म्हणून आज सहा माणसं आहोत. ती जाते संध्याकाळच्या गाडीने. पुढच्या वेळेपासून आम्ही आपली पाचच, तेव्हा लहान दे. आणि हे बघ, मान टाकून देत जाऊ नकोस, मला वेगळी काढून ठेवायची."

"मान कोण खातं हल्ली, आजी?"

"मी खाते. चोखायची असते, दात लागत नाहीत तिला."

मास्तरणीने घरातली माणसं मनातल्या मनात मोजली. नवरा, दोन पोरी, आपण. मग पाचवी कोण, हे कळल्यावर तिने एकदम तोंड फिरवलं आणि भिंतीवर लावलेला अंड्यांचा दर वाचायला लागली. तो तिला दिसत नव्हता.

"काय बघतेस तिकडे?" सासूबाई तिच्या दंडाला धरून म्हणाल्या. "पैसे दे त्याला. आणि पिशवी नीट धर, पाय बाहेर येतायत."